पायात गोळा येतो, तो कुणाच्या चुकीने?



मे महिन्यातली गोष्ट. जामसंड्याच्या सड्यावर फुटबॉलचे सामने चालू होते, एका बाजूला सात-सात खेळाडू. मे महिना म्हणजे चाकरमानी गावी आलेले, मुंबई मंडळ आणि गाव शाखा दोन्हीकडची पोरे एकत्र. सकाळी दहाला पहिली शिट्टी झाली होती आणि दुपारचे तीन वाजून गेले तरी खेळ थांबला नव्हता. उपांत्य सामन्यात एक मुलगा चेंडूमागे धावता धावता एकदम खाली बसला. पोटरी दोन्ही हातांनी घट्ट धरून तो ओरडू लागला. वय असेल एकोणीस-वीस.

पुढच्या दोन मिनिटांत मैदानावर जे झाले ते प्रत्येक गावात होते. एकाने पाय धरून हिसका दिला. दुसऱ्याने पोटरीवर बुक्क्या मारल्या. तिसऱ्याने दुखण्यावरचा स्प्रे अर्धा संपवला. चौथा म्हणाला, "ह्येका नजर लागली, काळो दोरो बांधा." माईकवरून आवाज आला, "उठ रे बाबा, वेळ जाता!" मुलाची आई सकाळपासून आंब्याच्या पेट्या भरून नुकतीच येऊन बसली होती. तिने हाक मारली, "सिस्टर, जरा येवा हो, झिलाच्या पायात गोळो इलो!"

आम्ही धावलो. गर्दी बाजूला केली, मुलाला पाय लांब करून बसवले, गुडघा सरळ ठेवला आणि पावलाचा पुढचा भाग हळूहळू त्याच्याच अंगाकडे दाबून धरला. मनात तीस आकडे मोजले. दगडासारखी झालेली पोटरी हाताखाली सैल पडली. मग विचारले, "सकाळपासून काय खाल्लंस?" चहा आणि दोन खारी. "पाणी?" मैदानावरचा एकुलता एक ड्रम बारा वाजताच रिकामा झाला होता. "सराव?" मुंबईत गोदामात बारा तासांची ड्यूटी, चेंडूला पाय लागून वर्ष झाले होते. परवा रात्रीच्या गाडीने आला आणि आज तिसरा सामना खेळत होता.

आणि तो मुलगा आम्हाला काय म्हणाला? "मावशी, माझ्यामुळे टीम हरली."

हे वाक्य आमच्या डोक्यातून गेले नाही, म्हणून हा लेख. आमचे म्हणणे सरळ आहे. त्या मुलाच्या पायात जो गोळा आला, त्यात त्याची चूक थोडी आणि स्पर्धा भरवणाऱ्यांची जास्त होती. स्पर्धा भरवणारे कोण? आपणच. आपलीच मंडळे, आपलेच कार्यकर्ते. म्हणून ही तक्रार परक्याविरुद्ध नाही, घरातल्या घरात आहे.

गोळा म्हणजे नेमके काय

कुणी गोळा म्हणतो, कुणी पेटका, कुणी वात आला म्हणतो. स्नायू आपल्या इच्छेशिवाय आवळतो आणि सुटत नाही, याला पेटका म्हणायचे. फुटबॉलमध्ये तो बहुधा पोटरीत येतो, नाहीतर मांडीच्या मागे किंवा पुढे. सामन्याच्या शेवटच्या भागात जास्त येतो. हे लक्षात ठेवा, कारण त्यातच अर्धे उत्तर आहे.

पेटक्याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले जुने आहे आणि ते मजुरांच्या अंगावर शोधले गेले. १९२३ च्या सुमारास इंग्लंडमध्ये खोल, उष्ण कोळसा खाणींतल्या कामगारांचा अभ्यास झाला. हे लोक शरीरातून लिटरच्या लिटर घाम गाळत आणि वर नुसते पाणी पीत. त्यांना हातापायांत, पोटात जबरदस्त पेटके येत. पाण्यात थोडे मीठ घालून दिल्यावर पेटके कमी झाले. घामातून पाण्याबरोबर मीठही जाते, आणि फक्त पाणीच भरले तर उरलेले मीठ आणखी पातळ होते, हे तेव्हा कळले. म्हणजे पेटका हा मुळात श्रमिकाचा आजार आहे. बाबासाहेब मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणी पाहायला गेले आणि स्वतः खाणीत उतरले. कामगाराचे दुखणे कागदावर वाचून कळत नाही, कामाच्या जागी जाऊन पाहावे लागते, हा त्यातला धडा आमच्यासारख्या आरोग्याच्या कार्यकर्त्यांनी कायम लक्षात ठेवावा.

दुसरे कारण १९९७ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी पुढे आणले. लांब पल्ल्याचे धावपटू तपासले तेव्हा पेटका आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या मिठात फारसा फरक सापडला नाही. मग फरक कशात? थकव्यात. स्नायूमध्ये दोन पहारेकरी असतात असे समजा. एक मज्जातंतूंमार्फत सांगतो, "आवळ." दुसरा स्नायूच्या टोकाशी, कंडऱ्यात बसलेला असतो, तो सांगतो, "पुरे, आता सोड." स्नायू सवयीपेक्षा जास्त थकला की पहिला ओरडत राहतो आणि दुसरा गप्प बसतो. स्नायू आवळलेलाच राहतो. ताण दिल्यावर गोळा सुटतो तो याचमुळे. ताणाने कंडऱ्यातला पहारेकरी जागा होतो आणि स्नायूला सोडायला लावतो.

आमच्या अनुभवात ही दोन कारणे भांडत नाहीत, हातात हात घालून येतात. त्या मुलाला दोन्ही लागू होती. सराव नाही, तिसरा सामना, पोट रिकामे, पाणी नाही, आणि वर आपली किनारपट्टीची हवा. नागपूरचा पारा पंचेचाळीसला गेला की बातमी होते. आपल्याकडे तो चौतीसला असतो म्हणून आपण निर्धास्त असतो. पण समुद्राकाठच्या दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता गळतो. घाम वाळला तरच अंग थंड होते. म्हणून इथली चौतीस डिग्री अंगाला भारी पडते.

मोठ्यांच्याही पायात गोळा येतो

पेटका म्हणजे कमजोरी, असे पोरांच्या मनात बसले आहे. त्यांना ७ नोव्हेंबर २०२३ चा वानखेडेवरचा सामना आठवून द्यावा. ऑस्ट्रेलियाचे ९१ धावांत सात गडी बाद, समोर अफगाणिस्तान, जिंकायला २९२ हव्यात. ग्लेन मॅक्सवेल पेटक्यांनी मैदानावर आडवा झाला, त्याला धावता येईना. तरी एका जागी उभा राहून त्याने नाबाद २०१ धावा केल्या आणि सामना काढला. आठवड्याने, १५ नोव्हेंबरला, त्याच मैदानावर उपांत्य सामन्यात शुभमन गिलला पेटक्यांमुळे ७९ धावांवर बाहेर जावे लागले. मुंबईची तीच दमट हवा. जगातले सर्वात तयारीचे खेळाडू, तरी पेटका आला.

पण एक फरक पाहा. मॅक्सवेल पडला तेव्हा फिजिओ धावत आला, ताण दिला, प्यायला आणून दिले. त्याला कुणी "उठ रे, वेळ जातो" म्हटले नाही. आपल्या मुलाला मिळाला रिकामा ड्रम.

फुटबॉलच्या जगात पाण्यासाठी भांडावे लागले आहे. २०१४ च्या विश्वचषकात ब्राझीलच्या एका कामगार न्यायालयाने आदेश दिला की उष्णता ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर सामना थांबवून खेळाडूंना पाणी पाजले पाहिजे. फोर्तालेझा येथे नेदरलँड्स आणि मेक्सिको यांचा सामना असा थांबवण्यात आला. कामगार न्यायालय, हे शब्द लक्षात घ्या. खेळाडू हाही घाम गाळणारा माणूस आहे आणि पाणी हा त्याचा हक्क आहे. २०२६ च्या विश्वचषकासाठी तर फिफाने प्रत्येक सामन्याच्या दोन्ही अर्धात तीन-तीन मिनिटांची पाण्याची विश्रांती जाहीर केली. कोट्यवधींचा खेळ तीन मिनिटे थांबू शकतो, तर आपली स्पर्धा का थांबू शकत नाही? फुटबॉलच्या नियमातच पाण्यासाठी एक मिनिट आणि उन्हासाठी दीड ते तीन मिनिटे सामना थांबवायची मुभा आहे. फक्त स्पर्धेच्या नियमपत्रकात तसे आधी लिहावे लागते.

महाडच्या तळ्याचे पाणी ज्यांनी हक्काने ओंजळीत घेतले, त्यांच्या नातवंडांच्या मैदानावर पाण्याचा ड्रम बारा वाजता रिकामा असावा, ही गोष्ट आम्हाला लागते. आणि ढाल मात्र चार फुटांची!

गोळा आला तर काय करावे

खेळ ताबडतोब थांबवा. खेळाडूला बसवा किंवा झोपवा, शक्यतो सावलीत. गर्दी हटवा.

पोटरीत गोळा असेल तर गुडघा सरळ ठेवून पाऊल हळूहळू नडगीकडे ओढा. मांडीच्या मागे असेल तर उताणे झोपवून पाय सरळ वर उचला. मांडीच्या पुढे असेल तर कुशीवर वळवून गुडघा दुमडा, टाच कुल्ल्याकडे न्या. ताण वीस ते तीस सेकंद धरून ठेवा, सोडा, पुन्हा धरा. हिसका देऊ नका. हिसक्याने आवळलेला स्नायू फाटू शकतो आणि मग दोन मिनिटांच्या दुखण्याचे दोन महिने होतात. बुक्क्या मारू नका.

गोळा सुटला की हलक्या हाताने चोळा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ चालेल. मग दोन पावले चालवा, थोडे थोडे मीठ-साखरेचे पाणी द्या. लगेच पळायला लावू नका, थकलेला स्नायू पुन्हा आवळतो. बदली खेळाडू उतरवा. त्यात लाज कसली?

स्प्रेने थंड वाटते, गोळा स्प्रेने सुटत नाही. काळ्या दोऱ्याने तर काहीच होत नाही. दोरा बांधेपर्यंत गोळा आपोआप सुटतो आणि श्रेय दोऱ्याला मिळते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातल्या मुलाच्या घोट्याला हा दोरा दिसला की आम्हाला प्रश्न पडतो, आपण मुलांना स्नायू म्हणजे काय हे कधी शिकवलेच नाही का?

एक गंमतही सांगतो. २०१० मध्ये अमेरिकेत एक प्रयोग झाला. विद्यार्थ्यांच्या पायात विजेच्या सौम्य धक्क्याने पेटका आणला आणि काहींना साधे पाणी, काहींना काकडीच्या लोणच्याचे व्हिनेगरचे पाणी पाजले. लोणच्याचे पाणी पिणाऱ्यांचा पेटका सुमारे दीड मिनिटात, पाण्यापेक्षा लवकर सुटला. इतक्या वेळात मीठ पोटातून रक्तात जाऊच शकत नाही. म्हणजे घशाला लागलेल्या आंबट झणक्यानेच मज्जातंतूंना काही निरोप गेला असावा, असे संशोधकांना वाटले. पण म्हणून घरच्या लोणच्याचा खार वाट्या भरून पाजू नका. तो प्रयोग व्हिनेगरचा होता, आणि आपल्या खारात मीठ फार असते. ताण देणे हाच पहिला उपाय, तो फुकट आहे आणि सर्वांना जमतो.

येऊच नये म्हणून

पहिली गोष्ट सराव. स्नायूला जे माहीत नाही ते स्पर्धेच्या दिवशी मागू नका. स्पर्धेआधी निदान तीन-चार आठवडे आठवड्यातून तीन दिवस धावा. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली करा, रोज दहा-पंधरा वेळा. मुंबईहून येणाऱ्या मुलांनी तिथल्याच मैदानावर, नाहीतर चाळीच्या जिन्यावर सुरुवात करावी. उन्हाची सवय व्हायला शरीराला सात ते चौदा दिवस लागतात. गाडीतून उतरून दुसऱ्या दिवशी तीन सामने खेळणे म्हणजे इंजिनात तेल न घालता घाट चढणे. फिफाने तयार केलेला 'अकरा प्लस' नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम आहे, त्याला फारसे साहित्य लागत नाही. तो नियमित केला तर दुखापती कमी होतात.

दुसरी गोष्ट पोट. सामन्याच्या तीन तास आधी नीट जेवावे. आपल्याकडची उकड्या तांदळाची पेज याला उत्तम आहे. तिच्यात पाणी आहे, ताकद देणारा स्टार्च आहे, आणि चवीला मीठ आहे. आजीची पेज सोडून पोरे खारी आणि थंड पेयावर खेळतात, हे दुर्दैव. केळे खा, ताकद येते, पण केळ्याने पेटका लगेच सुटतो हा गैरसमज आहे.

तिसरी गोष्ट पाणी आणि मीठ. सामन्याच्या दोन तास आधी अर्धा लिटर पाणी प्या. खेळताना तहान लागेल तसे घोट-घोट प्या. लघवी गडद पिवळी असेल तर पाणी कमी पडते आहे. ज्यांच्या गंजीवर घाम वाळल्यावर पांढरे पट्टे उठतात, त्यांच्या घामात मीठ जास्त जाते. त्यांनी नुसत्या पाण्यावर राहू नये. एका लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. याहून जास्त मीठ नको. कोकमाचे आगळ पाण्यात घालून थोडा गूळ टाकला तरी चालेल, पण आगळात मीठ असतेच, वरून घालू नका. शहाळ्याच्या पाण्यात मीठ फार कमी असते, त्यात चिमूटभर घाला. ज्यांना रक्तदाबाचा किंवा किडनीचा आजार आहे त्यांनी हे मिठाचे प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नयेत.

एक धोका उलटाही आहे. तासाभरात तीन-चार लिटर साधे पाणी ढोसले तर रक्तातले मीठ पातळ होऊन डोके दुखते, उलटी होते, माणूस बरळू लागतो, आणि जीवही जाऊ शकतो. पाणी प्या, पण जबरदस्तीने नको.

ओआरएसची पुडी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रात मोफत मिळते. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मीठ-साखरेच्या पाण्याने हगवणीने मरणारी असंख्य माणसे वाचवली. गरिबाचे हे औषध स्वस्त होते म्हणूनच पुढे बाजाराने त्याचे नाव वापरून गोड सरबते विकली. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ओआरएस हा शब्द वापरायला बंदी केली. तेव्हा खोक्यातले रंगीत पाणी विकत घेण्याआधी वाचा. एनर्जी ड्रिंक मुलांना देऊ नका. नुसती ग्लुकोजची पूड म्हणजे बहुतेक साखरच, तिने मीठ भरून निघत नाही.

आणि स्पष्ट बोलतो, आदल्या रात्रीची 'बैठक' बंद करा. दारूने लघवी जास्त होते, झोप बिघडते आणि सकाळी शरीर आधीच कोरडे असते. पाचवे शील फक्त विहारात म्हणायचे नसते.

मुलींचे वेगळे दुखणे

आता आपल्या मुलीही फुटबॉल खेळू लागल्या आहेत, याचा आम्हाला अभिमान वाटतो. पण एका सामन्यानंतर पोटरी धरून बसलेल्या एका मुलीला आम्ही विचारले, "पाणी का नाही प्यालीस?" ती खाली मान घालून म्हणाली, "मैदानावर जायला जागा नाय." लघवीला जायला आडोसा नाही म्हणून ती सकाळपासून तहानलेली राहिली होती. हे ऐकून आम्हाला नर्सिंगच्या पुस्तकातले काहीच आठवले नाही. पुस्तकात पाणी कमी पडण्याची सगळी कारणे होती, हे कारण नव्हते. मुलींचा सामना ठेवायचा तर संडास आधी, चषक नंतर. जवळच्या घराचा किंवा शाळेचा संडास दिवसभरासाठी मागून घेतला तरी पुरे, खर्च शून्य.

हा साधा गोळा नाही, हे कधी ओळखावे

एका जागी आलेला आणि ताण दिल्यावर सुटलेला गोळा धोक्याचा नसतो. पण हातपाय, पोट सगळीकडे पेटके येत असतील, उलट्या होत असतील, अंग तापले असेल, मुलगा बरळत असेल, चक्कर येऊन पडला असेल, तर तो उष्माघात असू शकतो. अंगावर पाणी ओता, कपडे सैल करा, वारा घाला, १०८ ला फोन करा आणि देवगडच्या ग्रामीण रुग्णालयात न्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. खेळानंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, स्नायू मोडून किडनीवर भार आलेला असू शकतो.

आणखी एक गोष्ट, आपल्या समाजाने खास ऐकावी अशी. सिकलसेलचा दोष विदर्भातल्या आपल्या अनेक कुटुंबांत आहे. ज्याला दोन्ही पालकांकडून दोष येतो तो आजारी असतो. एकाकडून आला तर तो वाहक. वाहक रोजच्या आयुष्यात ठणठणीत असतो, पण उन्हात अति दमछाक झाली तर तो अचानक कोसळू शकतो. लोकांना वाटते गोळा आला. फरक असा की गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट लागतो, इथे स्नायू मऊच असतो, पाय दुखतात आणि त्यांतली शक्ती जाते. अशा मुलाला उठवून पळवू नका, थेट दवाखान्यात न्या. सरकारने १ जुलै २०२३ ला सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू केली आहे, सरकारी दवाखान्यात तपासणी होते. विदर्भात सोयरीक असलेल्या घरांनी मुलांची तपासणी करून घ्यावी. वाहक असणे हा कलंक नाही आणि खेळ सोडण्याचे कारणही नाही. फक्त हळूहळू सराव, पाणी आणि विश्रांती यांत कसूर नको.

मंडळांना आमचे मागणे

१६ एप्रिल २०२३ ला खारघरला भर उन्हात झालेल्या कार्यक्रमात दहाहून अधिक माणसे उष्माघाताने गेली. ती बसलेली माणसे होती. आपण त्याच एप्रिल-मे महिन्यात, जयंतीच्या आणि बुद्धपौर्णिमेच्या निमित्ताने, मुलांना पळायला लावतो. हे लक्षात घेऊन आमच्या सात मागण्या आहेत.

एक, सामने सकाळी दहापर्यंत आणि दुपारी चारनंतर. मधला वेळ बंद.

दोन, एका संघाला एका दिवशी दोनपेक्षा जास्त सामने नकोत, आणि दोन सामन्यांत निदान दोन तासांचे अंतर.

तीन, प्रत्येक अर्धात पाण्यासाठी सामना थांबेल, असे नियमपत्रकात छापा.

चार, सावलीत झाकलेले पिण्याचे पाणी, स्वच्छ पेले, आणि भरलेला ड्रम पाहणारा एक कार्यकर्ता.

पाच, ओआरएसच्या पुड्या, बर्फ, पट्ट्या असलेली पेटी आणि ताण द्यायला शिकलेली दोन माणसे. शिकवायला आम्ही येऊ, एक पैसा नको.

सहा, मुलींसाठी संडास.

सात, पेटका आलेल्या खेळाडूला माईकवरून ओरडणाऱ्याच्या हातातून माईक काढून घ्या.

पैसे नाहीत, हे आम्हाला सांगू नका. डीजेची एक रात्र आणि ढालीची उंची एक फूट कमी केली की हे सगळे होते. वर्गणी तीच माता देते जी आंब्याच्या पेट्या भरते. तिच्या पैशातून तिच्या झिलाला पाणी मिळाले पाहिजे, एवढाच हिशेब आहे.

कोणी म्हणेल, इतक्या मोठ्या प्रश्नांत तुम्ही पायाच्या गोळ्यावर काय लिहिता? आम्ही वीस वर्षे रुग्णांच्या उशाशी उभे राहिलो आहोत. छोट्या दुखण्याकडे ज्या हलगर्जीपणाने पाहिले जाते, तोच हलगर्जीपणा मोठ्या दुखण्यात जीव घेतो. नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांना हातात चेंडू देऊन विजय बारसे सरांनी काय घडवले, ते नागराज मंजुळे यांच्या 'झुंड' मुळे घराघरात पोहोचले. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा मुलगा अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात देशासाठी खेळला. आपल्या वस्तीतही असे पाय आहेत. ते पाय आंबे उतरवतात, बंदरावर मासळीच्या टोपल्या वाहतात, गोदामात बारा तास उभे राहतात आणि उरलेल्या वेळात चेंडूमागे धावतात. त्या पायांना निदान पाणी आणि दोन तासांची विश्रांती देणे आपल्या हातात आहे.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात मुंबईला परत गेला. जाण्याआधी भेटायला आला आणि म्हणाला, "मावशी, पायाला ताण कसा द्यायचा ते परत दाखवा, गोदामात पण पोरांना गोळे येतात." आम्ही दाखवले. दोनदा त्याच्याकडून करून घेतले. तुमच्या मंडळाची पुढची सभा होईल तेव्हा हे पान तिथे वाचा, आणि पहिला ठराव पाण्याच्या ड्रमाचा करा.